लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर

मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश सैन्यात हिंदी तरुणांना अधिकारपद मिळत नसे. मग विमान हाती येणे दूरच! १९१७ साली हे दार किंचित उघडले आणि वैमानिक झालेल्या मोजक्या हिंदी तरुणांत वेलिंगकरांचा समावेश झाला.

१९१८ साली ते फ्रान्समधील रणभूमीवर २३ क्रमांकाच्या तुकडीत होते. त्यांचे ‘डॉल्फिन’ विमान मोठे विलक्षण. बसावयास एकच जागा, आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखांमधील मोकळ्या चौकटीतून बाहेर! त्यामुळे चहूकडचे आकाश दिसे खरे. परंतु विमान उलटे होऊन आदळले, तर पहिला आघात मस्तकावरच. त्या काळी ब्रिटिश वैमानिकांजवळ हवाई छत्रीही नसे. अशा विमानातून रोज शत्रूवर चालून जावयाचे होते.

२७ जूनला वेलिंगकर उड्डाणास गेले, ते परतलेच नाहीत. जखमी होऊन ते जर्मनांच्या हाती लागले होते. ३० जूनला त्यांचा अंत झाला. वय अवघे तेवीस! युद्ध थांबावयास साडेचार महिनेही उरले नव्हते.

शत्रूने त्यांचे दफन केले. परंतु नाव चुकीचे नोंदले गेल्याने कबर ओळखू यावयास युद्धानंतर बराच काळ लागला. ती आता फ्रान्सच्या सोम प्रांतात, आंगार गावच्या दफनभूमीत आहे.