वामनदादांचे नाव गाळू नका!

भीमजयंतीच्या मिरवणुकीत वाजणारे गाणे कोणी गायले, हे वस्तीतले शेंबडे पोरही सांगेल. ते लिहिले कोणी, असे विचारले की भलेभले गप्प बसतात. ज्याने हजारो गाणी लिहून बाबासाहेब झोपडीझोपडीत पोचवले, त्या लोककवी वामनदादा कर्डकांच्या वाट्याला ही उपेक्षा यावी, हे समाजाला शोभणारे नाही.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी झाला. शाळा नशिबी नव्हती. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत राबले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. तेथे एकदा कोणी पत्र वाचून मागितले आणि आपल्याला अक्षर कळत नाही, याची शरम या तरुणाला वाटली. मग त्यांनी बाराखडी गिरवली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत हा माणूस साक्षर झाला आणि १९४३ साली त्याने पहिले गाणे रचले. शिका हा बाबासाहेबांचा आदेश याहून वेगळा कसा पाळायचा?

१९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने चळवळ गावोगाव नेली होती. वामनदादांनी तीच वाट पुढे चालवली. पेटी, ढोलकी आणि मागे साथ धरणारे चार गळे, एवढ्या भांडवलावर त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला. १९७३ साली 'वाटचाल' हा गीतसंग्रह आला. १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या शाळा न पाहिलेल्या कवीला मिळाले.

अमेरिकेत काळ्या बांधवांच्या चर्चमधील समूहगायनातून सोल संगीत उभे राहिले. १९६० च्या दशकात डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीने टेम्पटेशन्ससारख्या गायकसंचांच्या तबकड्या जगभर विकल्या. आपल्याकडे जलशातले गाणे असेच तबकडीवर आणि पुढे कॅसेटवर गेले. जयंती जवळ आली की भीमगीतांच्या कॅसेटींनी दुकाने भरू लागली. गाणे घराघरात गेले, हे चांगलेच झाले. पण कॅसेट हातोहात फिरली, तिची नक्कल झाली, वेष्टन फाटले, आणि वेष्टनावरचे कवीचे नावही गेले.

वामनदादांनी मात्र एक बंदोबस्त आधीच करून ठेवला होता. संतांच्या आणि शाहिरांच्या रीतीने ते शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफत. १९७७ च्या संग्रहाचे नावच 'हे गीत वामनाचे'. वकील म्हणून आम्हाला ही नाममुद्रा एखाद्या नोंदणीकृत दस्तऐवजासारखी वाटते. पण आता वेळ वाचवायला तेच शेवटचे कडवे गाळले जाते! म्हणजे दस्तऐवजावरची सहीच फाडली जाते.

कायदा काय सांगतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत या गाण्यांवर हक्क आहे. कलम ५७ प्रमाणे हक्क विकला तरी कर्ता म्हणून नाव लागण्याचा अधिकार कवीकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराच्या मानधनातील वाट्यालाही संरक्षण दिले. हौशी मंडळाने फुकट श्रोत्यांपुढे गायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. तेव्हा गाण्याला घाबरू नका, नाव गाळायला घाबरा.

वामनदादांपाठोपाठ २३ जून २००४ रोजी प्रल्हाद शिंदेही गेले. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात चळवळीने आपला कवी आणि आपला आवाज गमावला. आवाज ध्वनिमुद्रणात जपला गेला. कवीचे नाव जपणे आपल्या हाती आहे.

आमच्या विश्रांतवाडीतील जयंती मंडळांना आणि गायन पार्ट्यांना आमची विनंती आहे. गाणे सुरू करण्यापूर्वी निवेदकाने कवीचे नाव घ्यावे. शेवटचे कडवे पूर्ण म्हणावे. मोबाईलवर चित्रफीत टाकताना गायकाच्या नावाआधी गीतकाराचे नाव लिहावे. यासाठी वर्गणी लागत नाही. ज्याने पाट्या वाचून अक्षर मिळवले, त्याच्या नावाची पाटी तरी आपण पुसू नये. जयभीम!