इब्ने सिना : औषधाचं माप शिकवणारे हकीम

आमच्या धाटावला एमआयडीसी असल्यामुळे माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे अब्बा शिफ्ट ड्युटी करतात. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप लागत नाही, ही घराघरातली तक्रार. गेल्या पालकसभेत एका आईने पर्समधून लॅव्हेंडर तेलाची छोटी बाटली काढून दाखवली. उशीवर शिंपडलं की झोप येते, कातडीला लावलं की खाज जाते, आणि हा इब्ने सिनांचा नुस्खा आहे, असं तिला मोबाईलवर आलं होतं. तिने ते तेल तसंच, काही न मिसळता, मुलाच्या कोपराच्या खाजेवर लावलं. दुसऱ्या दिवशी कातडी लालभडक! शेवटी डॉक्टरांकडे न्यावं लागलं.

मला वाईट वाटलं ते मुलाचं, आणि इब्ने सिनांचंही. ज्या माणसाने सगळी हयात औषध पारखून द्यायला शिकवलं, त्याचंच नाव न पारखलेल्या बाटलीला चिकटलं. म्हणून ही त्यांची हकीकत.

अबू अली इब्ने सिना यांचा जन्म इ.स. 980 मध्ये बुखाराजवळच्या अफशाना गावात झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. वडील सामानी बादशहांच्या अमलातले अधिकारी होते. दहाव्या वर्षापर्यंत मुलाचं कुरआन पाठ झालं होतं. वडिलांनी त्याला हिशेब शिकायला कुठे पाठवलं असेल? एका भाजीवाल्याकडे! त्या भाजीवाल्याला हिंदी पद्धतीचं अंकगणित येत होतं. म्हणजे आपल्या देशातून गेलेले अंक बुखाराच्या बाजारात एका भाजीवाल्याने त्यांना शिकवले. इल्म कुणाकडूनही घ्यावं, हे मी वर्गात सांगते तेव्हा हेच उदाहरण देते.

सोळाव्या वर्षी ते रोगी तपासू लागले होते आणि वयाने मोठे हकीम त्यांच्याकडे शिकायला येत होते. अभ्यासात कुठे अडलं की मशिदीत जाऊन नमाज पढायचे, दुआ मागायचे आणि परत किताबीला बसायचे. बादशहा नूह बिन मन्सूर आजारी पडले तेव्हा या तरुणालाही इलाजासाठी बोलावलं गेलं. त्यातून शाही कुतुबखान्याचं दार त्यांना उघडलं. अठराव्या वर्षापर्यंत त्यांनी तिथल्या किताबांतून जे घ्यायचं ते घेतलं.

मग दिवस फिरले. वडील वारले, सामानी सल्तनत मोडली, आणि पुढचं आयुष्य गावोगाव फिरण्यात गेलं. गुरगंज, जुर्जान, रै, हमदान. जुर्जानला त्यांना अबू उबैद जुझजानी हा शागीर्द मिळाला. तो शेवटपर्यंत सोबत राहिला आणि उस्तादांचं चरित्र त्यानेच लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला एवढं कळतं. हमदानला अमीर शम्सुद्दौलांच्या पोटशूळावर इलाज केला आणि वजीर झाले. पण सैन्य बिघडलं, घर लुटलं गेलं, चाळीस दिवस लपून राहावं लागलं. अमीरांचं पोट पुन्हा दुखलं तेव्हा परत बोलावणं आलं आणि वजिरीही परत मिळाली! दिवसा दरबाराचं काम आणि रात्री शागीर्दांचा दर्स, असा त्यांचा रिवाज होता. पुढे चार महिने एका किल्ल्यात कैद झाली, तिथेही लिहिणं थांबलं नाही. सुटल्यावर सूफींच्या वेशात ते इस्फहानला निघून गेले.

या धावपळीतच ‘अल-कानून फित्तिब’ पूर्ण झाली. तिचे पाच भाग आहेत. बाराव्या शतकात तिचा लॅटिन तर्जुमा झाला आणि पुढे कित्येक शतकं युरोपातल्या विद्यापीठांत ती शिकवली गेली. मुंबई, पुणे, मालेगावच्या युनानी कॉलेजांतली आपली मुलं-मुली आजही त्याच हिकमतीचा सबक घेतात.

‘कानून’च्या दुसऱ्या भागात एकेरी औषधांची यादी आहे. त्यात उस्तुखुद्दूस आहे. हे लॅव्हेंडरच्याच घराण्यातलं झाड. आपल्याकडे काश्मीरकडच्या भदरवाहला शेतकरी जे लॅव्हेंडर पिकवतात, त्याचा हा चुलतभाऊ म्हणा. युनानी हकीम त्याला दिमागाचा झाडू म्हणतात. हृदयाच्या औषधांवर इब्ने सिनांनी वेगळी रिसालाही लिहिली. मनाची खुशी, गम, भीती यांचं दिलाशी नातं काय आणि सुगंधी औषधांनी तबियत कशी फुलते, याचा विचार त्यात आहे. तेव्हा सुगंधाने जिवाला आराम पडतो ही गोष्ट त्यांना मान्यच होती.

गुलाबपाणी त्यांनीच शोधलं असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. त्यांच्या आधी, नवव्या शतकात, अल-किंदींनी अत्तर आणि अर्क काढण्यावर किताब लिहिली होती आणि त्यात शंभरावर नुस्खे होते. इब्ने सिनांचं मोठेपण दुसरीकडेच आहे. औषधाची परीक्षा कशी घ्यावी, याच्या अटी त्यांनी घालून दिल्या. औषध शुद्ध असावं, त्यात भेसळ नको. आजार एकच असावा, गुंतागुंतीचा नको. औषधाचा जोर आजाराच्या जोराला बेताचा असावा. गुण किती वेळाने आला ते बघावं. एकदा गुण आला म्हणून भुलू नये, तो दरवेळी येतो का ते पाहावं. आणि परीक्षा माणसावर व्हावी, कारण जनावराला जे मानवतं ते माणसाला मानवेलच असं नाही. हजार वर्षांपूर्वीचं हे शहाणपण त्या मोबाईलवरच्या मेसेजमध्ये कुठे होतं?

आता त्यांचा शेवट ऐका. इस्फहानचे अमीर अलाउद्दौला यांच्यासोबत लष्करात असताना इब्ने सिनांना स्वतःलाच पोटशूळ झाला. लवकर बरं व्हायचं म्हणून त्यांनी एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली आणि आतड्यांना जखम झाली. एका बस्तीत दोन दानिक अजमोद घालायला सांगितलं होतं, हकिमाने पाच दिरहम घातलं. सहा दानिकांचा एक दिरहम, म्हणजे पंधरापट! नोकरानेही त्यांच्या औषधात नको तेवढी अफू मिसळली. शेवटी त्यांनी इलाज सोडला, गुस्ल केलं, तौबा केली, माल गरिबांना वाटला, गुलाम आझाद केले आणि दर तीन दिवसांनी एक कुरआन खत्म करत राहिले. 428 हिजरीच्या रमजानमध्ये, म्हणजे 1037 साली, हमदानला त्यांचा इंतकाल झाला. मजारही तिथेच आहे. सगळ्या जगाला औषध शिकवणाऱ्याचा जीवही माप चुकल्यामुळे धोक्यात आला.

म्हणून त्या आईला मी जे सांगितलं, ते इथेही लिहिते. लॅव्हेंडर तेल कधीही तसंच कातडीला लावू नका. 30 मिली खोबरेल तेलात 6 थेंब पुरे. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. लाल झालं, खाज सुटली तर ते तुमच्यासाठी नाही. जखमेवर, इसबावर, लहान मुलांना डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. पोटात तर अजिबात नको. दम्याचा पेशंट असेल त्या खोलीत फवाराही नको.

उशीसाठी घरी अर्क काढता येतो. पातेल्यात पाणी आणि सुकी फुलं घ्या, मध्ये पाण्याच्या वर राहील अशी वाटी ठेवा, झाकण उलटं ठेवून वर बर्फ ठेवा आणि मंद आच द्या. वाफ झाकणाला लागून वाटीत ठिबकते. हा अर्क फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा आणि चादरीवर शिंपडा, चेहऱ्यावर नाही. त्याने बरं वाटतं. पण रोजच झोप येत नसेल तर बाटली बदलू नका, डॉक्टर गाठा.

मुलांना इब्ने सिनांचं फक्त नाव सांगू नका, त्यांची पारखायची सवयही सांगा. अल्लाह आपल्या सगळ्यांना नफा देणारं इल्म देवो. आमीन.