फिलो फार्न्सवर्थ

फिलो टेलर फार्न्सवर्थ (१९ ऑगस्ट, १९०६ – ११ मार्च, १९७१) हे अमेरिकन संशोधक होते. फिरत्या यांत्रिक चकतीविना, केवळ इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने चालणाऱ्या दूरचित्रवाणीच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

जीवन

फार्न्सवर्थ यांचा जन्म यूटा राज्यातील बीव्हरजवळ एका लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. पुढे कुटुंब आयडाहोतील रिग्बीनजीकच्या शेतावर राहावयास गेले. शेतावरील विद्युत जनित्रामुळे त्यांना विजेच्या उपकरणांची गोडी लागली. शेतातील समांतर तासांवरून चित्राचे ओळीओळींनी विभाजन करण्याची कल्पना त्यांना सुचली, असे सांगितले जाते. १९२२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी आपल्या योजनेच्या आकृत्या रसायनशास्त्राचे शिक्षक जस्टिन टोलमन यांना काढून दाखविल्या. १९२४ मध्ये वडिलांचे निधन झाल्याने त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले.

इमेज डिसेक्टर

त्या काळी दूरचित्रवाणीचे प्रयोग प्रामुख्याने पॉल निप्को यांच्या छिद्रे पाडलेल्या फिरत्या चकतीवर आधारलेले होते. चकतीच्या वेगाला मर्यादा असल्याने चित्र अस्पष्ट राही. फार्न्सवर्थ यांच्या ‘इमेज डिसेक्टर’ नळीत दृश्याचा प्रकाश प्रकाशसंवेदी पृष्ठावर पडून इलेक्ट्रॉन बाहेर पडत. हे संपूर्ण इलेक्ट्रॉन-चित्र चुंबकीय क्षेत्राने सरकवून एका बारीक छिद्रावरून ओळीओळीने नेले जाई, व छिद्रातून येणारा प्रवाह हाच संकेत होई. मात्र छिद्राबाहेरचे इलेक्ट्रॉन वाया जात असल्याने नळीला अतिशय प्रखर प्रकाश लागे. हा दोष किरकोळ नव्हता. व्लादिमीर झ्वोरिकिन यांच्या विद्युतभार साठविणाऱ्या आयकॉनोस्कोपने पुढे येथेच बाजी मारली.

७ जानेवारी, १९२७ रोजी फार्न्सवर्थ यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोतील ग्रीन स्ट्रीटवरील प्रयोगशाळेत त्यांनी एक साधी सरळ रेषा प्रक्षेपित केली. तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते.

पेटंटचा वाद

१९३० मध्ये आरसीए कंपनीचे झ्वोरिकिन यांनी ही प्रयोगशाळा पाहिली. त्यानंतर आरसीएने पेटंटे विकत घेण्याची तयारी दाखविली. फार्न्सवर्थ यांनी नकार दिला. झ्वोरिकिन यांचा १९२३ चा अर्ज आधीचा असल्याचा दावा आरसीएने केला. या वादात टोलमन यांनी विद्यार्थ्याने काढून दिलेली जुनी आकृती सादर करून साक्ष दिली. १९३४ मध्ये पेटंट कार्यालयाने फार्न्सवर्थ यांच्या बाजूने निर्णय दिला. १९३९ मध्ये आरसीएने दहा लाख डॉलर व स्वामित्वशुल्क देण्याचे मान्य केले.

विजयाचा लाभ मात्र फारसा टिकला नाही. दुसऱ्या महायुद्धात दूरचित्रवाणी संचांचे उत्पादन थांबले आणि मागणी खऱ्या अर्थाने वाढेपर्यंत मूळ पेटंटांची मुदत संपत आली. १९४९ मध्ये त्यांची फोर्ट वेन येथील कंपनी आयटीटीने घेतली. तेथे त्यांनी अणुसंमीलनासाठी ‘फ्यूजर’ हे उपकरण विकसित केले.

१९५७ मध्ये ते एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात पाहुणे म्हणून आले, तेव्हा त्यांचा शोध कोणता हे तेथील परीक्षकांना ओळखता आले नाही. न्यूमोनियाने त्यांचे निधन झाल्यावर पत्नी एल्मा यांनी, ज्या प्रारंभापासून प्रयोगशाळेत सहकारी होत्या, पतीच्या कार्याला मान्यता मिळावी म्हणून अखेरपर्यंत प्रयत्न केले. १९९० मध्ये अमेरिकेच्या संसद भवनात यूटा राज्यातर्फे फार्न्सवर्थ यांचा पुतळा बसविण्यात आला.