गोरिलांच्या कळपाचे कोडे उलगडणाऱ्या डायन फॉसी

नवी दिल्ली, २६ डिसेंबर : रवांडातील विरुंगा पर्वतराजीत, सुमारे तीन हजार मीटर उंचीवरील पत्र्याच्या कुटीत २६ डिसेंबर १९८५ च्या रात्री डायन फॉसी यांची हत्या झाली. पर्वतीय गोरिला कळपाने का राहतात आणि तो कळप कशाच्या बळावर टिकतो, याचा वेध घेण्यात या अमेरिकी संशोधिकेने आयुष्याची १८ वर्षे तेथे वेचली होती.

१६ जानेवारी १९३२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेल्या फॉसी यांनी पशुवैद्यकाचा अभ्यास अर्धवट सोडला होता. पुढे लुइव्हिल येथील रुग्णालयात त्या अपंग मुलांवर उपचार करीत. १९६३ मध्ये कर्ज काढून केलेल्या आफ्रिकेच्या प्रवासात त्यांची मानववंशशास्त्रज्ञ लुई लिकी यांच्याशी भेट झाली आणि त्यांच्याच प्रोत्साहनाने १९६६ च्या अखेरीस त्या संशोधनासाठी आफ्रिकेत परतल्या. काँगोतील अशांततेमुळे तेथील काम थांबवावे लागले. त्यानंतर २४ सप्टेंबर १९६७ रोजी त्यांनी रवांडात, कारिसिम्बी आणि विसोके या दोन ज्वालामुखींच्या दरम्यान कारिसोके संशोधन केंद्र उभारले.

गोरिलांसारखे हुंकार देत, पाने चघळण्याचा आव आणीत त्यांनी या भित्र्या प्राण्यांचा विश्वास मिळवला. नाकावरील सुरकुत्यांवरून त्या प्रत्येकाला ओळखत. १९७० मध्ये ‘पीनट्स’ नावाच्या नराने त्यांच्या हाताला स्वतःहून स्पर्श केला.

विरुंगाच्या उतारांवर पाला, रानटी सेलरी आणि काटेरी झुडपे मुबलक असतात. त्यामुळे अन्नासाठी गोरिलांना एकत्र येण्याची फारशी गरज नसते आणि एकत्र राहिल्याने उपासमारही होत नाही. कळपाचे खरे कारण संरक्षण हे आहे. पाठीवरील केस रुपेरी झालेला प्रौढ नर मादीच्या जवळपास दुप्पट वजनाचा असतो. कळप कोठे चरणार, कोठे विसावणार हे तोच ठरवतो. शिकारी प्राणी आणि परके नर यांच्यापासून पिलांना वाचवणे हे त्याचे मुख्य काम होय. परका नर दूधपित्या पिलाला ठार करतो, कारण त्यामुळे मादी लवकर पुन्हा गर्भधारणेस योग्य होते. म्हणूनच माद्या समर्थ नराच्या आश्रयाने राहतात.

या व्यवस्थेचे मोल फॉसी यांना फार जवळून पाहावे लागले. त्यांचा लाडका नर ‘डिजिट’ ३१ डिसेंबर १९७७ रोजी शिकाऱ्यांच्या भाल्यांना बळी पडला. त्याने हल्लेखोरांना थोपवून धरल्यामुळे कळपातील इतर १३ जण निसटले. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये कळपाचा प्रमुख ‘अंकल बर्ट’ मारला गेला. रक्षक गेल्यावर कळपातील तरुण नराने एका तान्ह्या पिलाचा जीव घेतला, माद्या अन्य कळपांत गेल्या आणि कुटुंब विखुरले. एका गोळीने एकच प्राणी मरत नाही, तर सारा कळप मोडतो, हे या घटनेने सिद्ध केले.

यानंतर फॉसी यांनी शिकाऱ्यांविरुद्ध उघड लढा पुकारला. फासे उद्ध्वस्त करणे, पकडलेल्यांना कठोर वागणूक देणे यांमुळे त्यांच्यावर टीका झाली आणि शत्रूही वाढले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने मात्र गोरिलांची व्यथा जगापुढे आणली. त्यांच्या हत्येप्रकरणी रवांडातील न्यायालयाने एका अमेरिकी सहकाऱ्याला त्याच्या अनुपस्थितीत दोषी ठरवले. तथापि त्या निकालाविषयीच्या शंका आजही मिटलेल्या नाहीत.

फॉसी यांच्या हयातीत विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. २०१८ मध्ये जगातील पर्वतीय गोरिलांची संख्या एक हजारांवर गेल्याचे जाहीर झाले. आयुष्यभर एकाकी राहिलेल्या फॉसी आज कारिसोके येथे, मारल्या गेलेल्या गोरिलांच्या दफनभूमीत डिजिटच्या शेजारी विसावल्या आहेत.