लूर्डसची यात्रा आणि संत बर्नडेट

लूर्डसला जाण्याचा बेत आखणारे भाविक व्हिसा, तिकिटे आणि तीर्थ आणावयाच्या बाटल्या यांची आठवणीने तजवीज करतात. जिच्यामुळे ते गाव तीर्थक्षेत्र झाले, त्या बर्नडेटची ओळखही निघण्यापूर्वीच करून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या लूर्डस गावी ७ जानेवारी १८४४ रोजी बर्नडेट सुबिरूचा जन्म झाला. वडील पिठाची गिरणी चालवीत. पुढे धंदा बुडाला आणि सारे कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका कोंदट खोलीत राहू लागले. दम्याने ग्रासलेल्या बर्नडेटला चौदाव्या वर्षीही लिहितावाचता येत नव्हते.

११ फेब्रुवारी १८५८ रोजी ती सरपण गोळा करावयास गेली असता मासाबिएलच्या गुहेत तिला पवित्र मरियेचे प्रथम दर्शन घडले. १६ जुलैपर्यंत अशी १८ दर्शने झाली. २५ फेब्रुवारीस तिने हातांनी माती उकरली आणि तेथे झरा प्रकटला. पोलिसांनी तिला धमकावले, धर्मगुरूंनी कसून विचारपूस केली. परंतु तिची हकीगत बदलली नाही. १८६२ साली तार्बच्या बिशपांनी ही दर्शने सत्य असल्याचे जाहीर केले.

लोक तिला पैसे देऊ करीत; ती ते नाकारी. जुलै १८६६ मध्ये ती नेव्हेर येथील धर्मभगिनींच्या मठात दाखल झाली आणि लूर्डसला पुन्हा कधीच परतली नाही. १८७६ साली गुहेवरील बॅसिलिकेचे पवित्रीकरण झाले, तेव्हाही ती तेथे नव्हती. मठात तिने आजारी भगिनींची शुश्रूषा केली. पुढे क्षयाने तिचा गुडघा पोखरला आणि असह्य वेदना सोसत १६ एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, तिने देह ठेवला. १९३३ साली तिला संतपद बहाल करण्यात आले.

लूर्डस येथील ७० हून अधिक रोगमुक्तींना ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्यता दिली आहे. मात्र जिच्या हातांनी तो झरा प्रकटला, ती स्वतः अखेरपर्यंत आजारीच राहिली आणि तरीही तिची श्रद्धा ढळली नाही. घरच्या रुग्णाला घेऊन निघणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानी ठेवावे. आजार बरा झाला नाही, तर आपली प्रार्थना उणी पडली, असे त्यांनी मानू नये.

संत बर्नडेटचा देह आजही नेव्हेरच्या मठातील चॅपेलमध्ये काचेच्या पेटीत आहे. सवड असल्यास यात्रेत एक दिवस नेव्हेरसाठी राखून ठेवावा, अशी आमची विनंती आहे.