मुलांच्या कपाटातला अँडरसन

कोणत्याही जुन्या ग्रंथालयात हान्स क्रिश्चन अँडरसनचे पुस्तक शोधावयाचे झाले, तर पावले आपोआप बालविभागाकडे वळतात. मोठ्या टाइपात छापलेले, परीचे किंवा राजहंसाचे चित्र मुखपृष्ठावर मिरवणारे ते पुस्तक दहाव्या वर्षी हाती येते आणि बाराव्या वर्षी सुटते. पुढे वाचक कादंबरीकडे, चरित्राकडे, वैचारिक वाङ्मयाकडे वळतो आणि त्या कपाटापाशी पुन्हा जातो तो आपल्या मुलाचे अगर नातवाचे बोट धरून. ही वाटणी या डॅनिश लेखकाला मान्य नव्हती. किंबहुना, आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत तो ज्या गोष्टीवरून खरोखर संतापला, ती हीच होती.

डेन्मार्कमधील ओडेन्स या गावी २ एप्रिल १८०५ रोजी अँडरसनचा जन्म झाला. बाप जोडे शिवणारा, आई लोकांचे कपडे नदीवर धुणारी. घर म्हणजे एकच खोली. परंतु त्या खोलीत पुस्तकांची एक फळी होती. बापाला शिकावयाचे होते, ते जमले नाही आणि ती खंत तो मुलाला वाचून दाखवून भागवीत असे. हॉलबर्गची नाटके आणि अरबी सुरस कथा (मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ज्या आणल्या त्याच) या मुलाच्या कानांवर पडल्या त्या अशा. आजी वेड्यांच्या इस्पितळाच्या बागेची देखभाल करी. तेथे सूत कातणाऱ्या म्हाताऱ्यांकडून त्याने भुताखेतांच्या आणि राजाराणीच्या लोककथा ऐकल्या. आजोबा मात्र भ्रमिष्ट होते. लाकडाच्या चमत्कारिक आकृत्या कोरीत ते गावभर हिंडत आणि पोरे त्यांच्यामागे ओरडत धावत. आपल्यालाही एक दिवस हेच होणार, ही भीती अँडरसनला जन्मभर पुरली.

बाप नेपोलियनच्या बाजूने लढावयास म्हणून सैन्यात गेला, खचून परत आला आणि १८१६ साली वारला. त्याआधीच्या एका हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर गोठलेल्या दहिवराकडे त्याने बोट दाखविले होते. त्यात हात पसरलेल्या एका स्त्रीची आकृती दिसत होती. बाप गेल्यावर आईने मुलाला सांगितले, की त्या हिमकन्येनेच त्याला नेले. ‘हिमराणी’ ही कथा लहानपणी वाचताना हिमाच्छादित रथाची मौज वाटते. हा प्रसंग ठाऊक झालेल्या प्रौढ वाचकाला त्या रथामागे अकरा वर्षांचे एक पोरके पोर दिसू लागते.

सप्टेंबर १८१९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, नट होण्याच्या वेडाने तो एकटाच कोपनहेगनला निघाला. हा मुलगा एवढा मोठा होईल की त्याच्यासाठी ओडेन्समध्ये रोषणाई होईल, असे एका भविष्य सांगणाऱ्या बाईने म्हटले म्हणून आईने त्याला जाऊ दिले. राजधानीत तीन वर्षे उपासमार झाली. गाणे शिकावे तर आवाज फुटला. नाचावे तर देह काटकुळा आणि बेढब. अखेर नाट्यगृहाच्या संचालकांपैकी योनास कोलिन या कनवाळू अधिकाऱ्याने सरकारी खर्चाने त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली. सतरा वर्षांचा हा लांबुडका तरुण स्लागेल्सेच्या शाळेत अकरा-बारा वर्षांच्या पोरांमध्ये बसला. मुख्याध्यापक मायस्लिंग त्याला चारचौघांत मूर्ख ठरवीत आणि कविता करण्यास बंदी घालीत. त्या काळाची वाईट स्वप्ने त्याला म्हातारपणीही पडत.

१८३५ साली त्याची ‘इम्प्रोव्हिसातोरेन’ ही कादंबरी गाजली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुलांसाठी सांगितलेल्या चार कथांची एक लहानशी पुस्तिका निघाली. टीकाकारांना ती रुचली नाही. बोलभाषा छापावयाची असते काय, या गोष्टींपासून मुलांनी कोणता बोध घ्यावा, असे आक्षेप आले आणि सुज्ञ लेखकाने असल्या पोरखेळात वेळ घालवू नये असा सल्लाही मिळाला. विद्युत्‌चुंबकत्वाचा शोध लावणारा ओर्स्टेड हा शास्त्रज्ञ मात्र वेगळे बोलला. कादंबरीने तुला कीर्ती मिळेल, पण अमर करतील त्या या गोष्टी, असे त्याचे भाकीत होते. साहित्याचे पंडित चुकले आणि पदार्थविज्ञानाचा पंडित बरोबर ठरला, ही साहित्याच्या अभ्यासकांनी थोडी मनाला लावून घ्यावी अशीच गोष्ट आहे.

आता प्रश्न असा, की बालपणी आवडलेल्या या कथा मोठेपणी टिकतात काय? सगळ्या टिकत नाहीत, हे आधीच मान्य केलेले बरे. दीडशेहून अधिक कथांत कित्येक भाबड्या आहेत. मरणारी मुले आणि त्यांना न्यावयास येणारे देवदूत यांचा अतिरेक आहे. ‘तांबडे बूट’ या कथेत एका मुलीला हौसेपायी पाय तोडून घ्यावे लागतात. तेथे लेखकाची धर्मबुद्धी त्याच्या करुणेवर मात करते आणि प्रौढ वाचकाला ती कथा लहानपणापेक्षाही अधिक अप्रिय वाटते. परंतु ज्या टिकतात, त्या नुसत्या टिकत नाहीत. त्या मोठेपणी प्रथमच पुरत्या उलगडतात.

‘सागरकन्या’ घ्या. योनास कोलिनचा मुलगा एडवर्ड याच्यावर अँडरसनचा पराकाष्ठेचा जीव होता. १८३१ साली त्याने एडवर्डला विनंती केली, की आपण एकमेकांना ‘तुम्ही’ न म्हणता ‘तू’ म्हणू या. एडवर्डने सौजन्याने, परंतु ठाम नकार दिला. ज्या घराने वाढविले त्या घराने हा अंतराय कायम ठेवला. १८३६ साली एडवर्डचे लग्न झाले आणि १८३७ च्या वसंतात ‘सागरकन्या’ प्रसिद्ध झाली. राजपुत्राजवळ राहता यावे म्हणून जीभ देऊन पाय घेणारी, प्रत्येक पावलाला सुऱ्यांवरून चालल्याच्या वेदना सोसणारी आणि आपणच त्याला वाचविले हे त्याला सांगू न शकणारी ही मुलगी आहे. राजपुत्र तिच्यावर माया करतो, तिला आपल्या दाराशी निजू देतो आणि लग्न दुसरीशी करतो. संक्षिप्त आवृत्त्यांतून हा शेवट गोड करून टाकण्याची प्रथा पडली आहे. मुलांना दुःख नको या सद्‌हेतूने ते होत असेल, पण त्यामुळे कथेचा प्राणच जातो.

‘तू’ आणि ‘तुम्ही’चा हा सल दहा वर्षांनी पुन्हा वर आला. १८४७ सालच्या ‘सावली’ या कथेत थंड देशातल्या एका विद्वानाची सावली त्याला सोडून जाते, काही वर्षांनी उंची कपड्यांतला श्रीमंत गृहस्थ होऊन परतते आणि हळूहळू मालकालाच आपली सावली बनविते. विद्वान म्हणतो, आपण बालपणापासूनचे सोबती, तेव्हा एकमेकांना ‘तू’ म्हणू या. सावली उत्तर देते, की तिला ते सोसवणार नाही. ती मात्र त्याला खुशाल ‘तू’ म्हणेल. शेवटी सावलीचे राजकन्येशी लग्न होते आणि विद्वानाला आधीच ठार केलेले असते. इंग्रजीत एकाच सर्वनामावर काम भागत असल्याने तेथे हा वार नीट लागत नाही. मराठीचे तसे नाही. थोरल्या घरचा मुलगा जुन्या मित्राला एकाएकी ‘अहो’ म्हणू लागला तर काय होते, हे आपल्याकडे समजावून सांगावे लागत नाही. ही कथा बालविभागात कशी आली, याचे नवल वाटते. दहा वर्षांच्या मुलाला तिच्यात एक भूत दिसेल, फार तर.

‘राजाचे नवे कपडे’ची हकीकत उलट दिशेची आहे. तिचे बीज स्पेनमधील डॉन हुआन मान्युएलच्या चौदाव्या शतकातल्या कथासंग्रहात आहे. तेथे जे वस्त्र औरस संततीलाच दिसते, ते अँडरसनने आपल्या पदाला लायक असणाऱ्यालाच दिसते असे केले. एवढ्या एका बदलाने जगातली सारी कार्यालये त्या कथेत आली. पण खरी कमाल पुढेच आहे. छपाईस दिलेल्या मजकुरात मिरवणुकीतले ते लहान मूल नव्हतेच! राजा ऐटीत निघून जातो, एवढाच शेवट होता. मुद्रिते तपासताना अँडरसनने तो बदलला आणि मोठ्यांच्या उपहासकथेत एका मुलाचा आवाज घातला.

‘काड्या विकणारी मुलगी’ १८४५ सालची. एका पंचांगासाठी चित्र पाठवून त्यावर मजकूर मागविला गेला होता. चित्रात काड्या विकणारे एक गरीब मूल होते. अँडरसनची आई लहानपणी भीक मागावयास पाठविली जाई आणि मागणे न जमल्याने पुलाखाली रडत बसे, हे त्याने तिच्याच तोंडून ऐकलेले होते. ती १८३३ साली ओडेन्सच्या अनाथगृहात, दारूच्या आहारी जाऊन वारली. मुलगा तेव्हा इटलीत होता.

१८४३ च्या अखेरीस ‘कुरूप पिल्लू’ ज्या पुस्तकात आले, त्याच्या मुखपृष्ठावरून मुलांसाठी सांगितलेल्या हे शब्द अँडरसनने काढून टाकले. पुढे कीर्ती भरभरून आली. राजवाड्यांत वाचने झाली. गोष्ट सांगता सांगता तो कात्रीने कागदाच्या नाजूक आकृत्या कापी आणि गोष्ट संपताच घडी उलगडून दाखवी. १८५७ साली डिकन्सकडे पंधरवड्यासाठी म्हणून गेलेला हा पाहुणा पाच आठवडे राहिला आणि त्यानंतर डिकन्सने पत्रव्यवहारच थांबविला. स्वतःचे घर त्याने कधी केले नाही. साठी उलटल्यावर पलंग विकत घ्यावा लागला तेव्हा तो अस्वस्थ झाला. आगीच्या भयाने प्रवासात दोरखंड बाळगी. ६ डिसेंबर १८६७ रोजी ओडेन्सने त्याला सन्माननीय नागरिक केले आणि त्या बाईच्या भविष्याप्रमाणे गाव उजळले. त्या रात्री त्याची दाढ मात्र असह्य ठणकत होती.

१८७५ साली सत्तराव्या वाढदिवसानिमित्त वर्गणी काढून कोपनहेगनच्या राजोद्यानात त्याचा पुतळा उभारण्याचे ठरले. शिल्पकार ऑगस्ट साब्येने आराखडा दाखविला. त्यात अँडरसन गोष्ट वाचीत आहे आणि मुले त्याच्या अंगाखांद्याला बिलगली आहेत, असे दृश्य होते. कर्करोगाने खंगलेला अँडरसन उसळला. पाठीशी कोणी असले किंवा मुले अंगाशी आली तर आपल्याला वाचताच येत नाही, असे त्याने बजावले. आपल्या कथा मोठ्यांसाठीही तितक्याच आहेत. मुलांना त्यांतली वरची सजावट तेवढी कळते आणि पुरते आकलन वाढत्या वयाबरोबर होते, हे त्याचे म्हणणे होते. ज्याने मुलांना एवढे दिले त्याने असे बोलावे याचे तेव्हाही अनेकांना वाईट वाटले. पण ज्या माणसाला शाळेत सतराव्या वर्षी पोरांच्या बाकावर बसविले गेले, त्याला सत्तराव्या वर्षी पुन्हा पोरांमध्ये बसविले जात होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

४ ऑगस्ट १८७५ रोजी मेलखियोर या स्नेही कुटुंबाच्या ‘रोलिगहेड’ या घरी अँडरसन वारला. पुतळा १८८० साली उभा राहिला. साब्येने आराखडा बदलला होता. अँडरसन बसला आहे, हातात पुस्तक आहे, दुसरा हात काही सांगण्यासाठी किंचित पुढे आला आहे. भोवती एकही मूल नाही.