कर्मवीर भाऊराव पाटील

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका दिगंबर जैन कुटुंबात भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी बोर्डिंग सुटले. समाजाने हा प्रसंग झाकून ठेवू नये.

पुढे त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकले. विक्रीनिमित्त खेडोपाडी हिंडताना शाळेबाहेर राहिलेली मुले त्यांनी जवळून पाहिली. व्यापाराने दिलेली ही दृष्टी मोलाचीच म्हणावी लागेल. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले मिळून स्वयंपाक करीत व एकाच पंक्तीत जेवीत. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे सांभाळले. धान्य संपले तेव्हा दागिने विकले, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या.

शेतकऱ्याच्या मुलाला शेतकाम परके नसते, हे ओळखून भाऊरावांनी श्रमालाच शिक्षणाचे साधन केले. मुले काम करून शिकू लागली. खेड्याची जाण असलेले शिक्षक मिळावेत म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू झाले. १९५९ साली पद्मभूषण किताब मिळाला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले.